मनगटाचे हाड सांधल्यानंतर

तोल गेलेला मनुष्य पडताना हात पुढे करतो. ही क्रिया तो विचार करून करीत नाही. विचार करावयास त्या क्षणी अवकाशच नसतो. न्हाणीघरातील ओली फरशी असो, पावसाळ्यातील शेवाळलेली पायरी असो की कबड्डीचे मैदान असो, शरीर जमिनीकडे झुकू लागताच तळहात आपोआप पुढे होतो आणि चेहरा व डोके वाचवितो. या उपकाराची किंमत पुष्कळदा मनगटाला द्यावी लागते.

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे समांतर जातात. त्यांतील अंगठ्याच्या बाजूचे ते रेडियस आणि करंगळीच्या बाजूचे ते अल्ना. कोपरापाशी अल्ना जाड असते आणि मनगटापाशी रेडियस. यामुळे तळहातावर आलेला भार मनगटातून वर चढताना त्याचा सुमारे ८० टक्के वाटा एकट्या रेडियसला उचलावा लागतो. रेडियसचे हे खालचे टोक रुंद असले तरी आतून जाळीदार असते, आणि त्यावरील कठीण कवच पातळ असते. पडणाऱ्या देहाचा धक्का नेमका येथे पोहोचतो आणि सांध्याच्या सुमारे एक इंच वर हाड मोडते. मोडलेला तुकडा हाताच्या पाठीकडे सरकतो. पाश्चात्त्यांच्या जेवणातील काटा टेबलावर उपडा ठेवला असता बाजूने जसा दिसतो, तसा बाक मनगटाला येतो.

अशा वेळी हाड जागेवर बसवून प्लास्टर घातले जाते, प्रौढ मनुष्याच्या बाबतीत साधारणतः सहा आठवड्यांनी ते काढले जाते, आणि दुखणे संपले असे घरातील सर्व मंडळी मानतात. खरे पाहता त्या दिवशी दुखण्याचा एक अर्धाच भाग संपलेला असतो.

प्लास्टर निघते तो दिवस

प्लास्टर कापल्यावर बाहेर येणारा हात पाहून रुग्ण बहुधा खिन्न होतो. कातडी कोरडी व खपल्यांनी भरलेली असते. दंडाखालचा भाग दुसऱ्या हाताच्या मानाने उघडउघड रोडावलेला दिसतो. मनगट मागे वळत नाही, पुढे वाकत नाही. मूठ अर्धवट मिटते आणि तीत जोर नसतो. पाण्याने भरलेला तांब्या उचलता येत नाही, कुलपात किल्ली फिरविता येत नाही, ओले फडके पिळता येत नाही. हाड सांधलेले आहे असे क्ष-किरणांचे चित्र सांगत असते आणि हात मात्र कामाचा राहिलेला नसतो. पुष्कळ रुग्ण येथेच समजूत करून घेतात की, हाड नीट बसलेच नाही. दुसरे काही रुग्ण अधिक भितात आणि हात झोळीत घालून आणखी महिनाभर जपतात. या दुसऱ्या चुकीने होणारे नुकसान पुष्कळदा मूळच्या अपघाताहून अधिक टिकाऊ ठरते.

सहा आठवड्यांत नेमके काय घडलेले असते? हाड मोडताच तेथे रक्त साकळते. पहिल्या काही दिवसांत सूज व दाह यांच्याद्वारे शरीर मोडतोड साफ करते. पुढील दोनतीन आठवड्यांत तुटलेल्या टोकांभोवती तंतू व उपास्थी यांचा मऊ सांधा तयार होतो. त्याला कॅलस म्हणतात. त्यात हळूहळू चुना साठून तो कठीण होतो. रेडियसचे खालचे टोक जाळीदार असल्याने व त्याला रक्ताचा पुरवठा भरपूर असल्याने तेथील सांधा लांब हाडांच्या मधल्या भागापेक्षा लवकर जुळतो. तथापि हा सांधा ओबडधोबड असतो. जुने अस्थिद्रव्य खाणाऱ्या आणि नवे रचणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी त्याला पुढे कित्येक महिने घडवीत असतात. प्लास्टर निघताना हाड ‘जुळलेले’ असते, ‘पुरे झालेले’ नसते, हा भेद ध्यानात ठेवावयास हवा.

हाडाची अशी बांधणी चालू असता आजूबाजूच्या भागांची मात्र उतरती कळा चालू असते. न हलणारे स्नायू पहिल्या आठवड्यापासूनच शक्ती गमावू लागतात. सांध्याभोवतीची पिशवी व अस्थिबंध आखडतात. सांध्यातील उपास्थीला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलताना तीवर जो दाब येतो व सुटतो त्यायोगे सांध्यातील वंगणासारखा द्रव तिच्यात खेळतो आणि तिचे पोषण होते. सांधा स्थिर राहिला की हे पोषणही मंदावते. याशिवाय आणखी एक गोष्ट घडते, ती डोळ्यांना दिसत नाही. स्नायूला आज्ञा देणारा मेंदू ती आज्ञा नीट देण्याची सवय विसरतो. गेलेल्या शक्तीचा बराच वाटा या विस्मरणाचा असतो, आणि म्हणूनच व्यायामाच्या पहिल्या दोनतीन आठवड्यांत स्नायू जाड झालेला नसतानाही जोर वाढलेला आढळतो.

डब्लिनच्या प्राध्यापकाचे भाकीत

रेडियसच्या या अस्थिभंगाला जगभर ‘कॉलिसचा अस्थिभंग’ म्हणतात. अब्राहम कॉलिस हे डब्लिन येथे शरीररचना व शल्यतंत्र यांचे प्राध्यापक होते. त्यांनी १८१४ साली एडिंबरोच्या एका वैद्यकीय नियतकालिकात या दुखापतीवर एक छोटा लेख प्रसिद्ध केला. तोपर्यंत बहुतेक वैद्य तिला सांधा निखळणे असे समजत आणि मनगट ओढून ते ‘बसविण्याचा’ प्रयत्न करीत. फ्रान्समधील ल्याँ येथील क्लोद पूतो यांनी हे हाड मोडणे आहे असे कॉलिसच्या आधीच ओळखले होते, आणि त्यांचे लेखन त्यांच्या मृत्यूनंतर १७८३ साली छापलेही गेले होते. परंतु नाव मिळाले ते कॉलिसला. क्ष-किरणांचा शोध राँटगेनने लावला तो १८९५ साली. म्हणजे कॉलिसने हे निदान केवळ बोटांच्या स्पर्शाने केले होते.

त्याच लेखात कॉलिसने एक भाकीत करून ठेविले आहे. हाड नीट बसविले नाही तर मनगटाचे व्यंग जन्मभर राहील. मात्र दीर्घ काळ लोटल्यावर हाताच्या हालचाली पुन्हा मोकळ्या होतील व वेदना उरणार नाहीत, अशा अर्थाचे ते विधान आहे. क्ष-किरणांच्या युगात या विधानाची पुष्कळ टिंगल झाली. वाकड्या जुळलेल्या हाडांची चित्रे पाहून शल्यविशारदांना ते भाबडे वाटले. सन २००० नंतर धातूच्या पट्ट्या व त्यांत अडकणारे स्क्रू यांच्या साह्याने हाड काटेकोरपणे जुळविण्याची शस्त्रक्रिया सर्वत्र पसरली. परंतु साठी ओलांडलेल्या रुग्णांच्या तुलनात्मक चाचण्या झाल्या तेव्हा असे आढळले की, वर्षभरानंतर हाताच्या उपयोगाच्या दृष्टीने पट्टी बसविलेल्यांत आणि प्लास्टर घातलेल्यांत फारसा फरक उरत नाही. चित्रातील हाड वाकडे असते आणि हात स्वयंपाक, शिवण व शेतकाम करीत असतो. तरुण, कष्टाची कामे करणाऱ्या किंवा सांध्याच्या आतपर्यंत भंग गेलेल्या रुग्णांच्या बाबतीत मात्र हाड सरळ बसण्याला महत्त्व आहेच. कॉलिसचे भाकीत सर्वांस लागू नाही. पण ते भाबडेही नव्हते. त्यात ‘दीर्घ काळ’ असे जे म्हटले आहे, तो काळ किती असावा हे मात्र पुष्कळसे रुग्णाच्याच हाती असते.

विश्रांती की हालचाल?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नावर युरोपातील वैद्यांचे दोन तट पडले होते. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस हे वेल्समधील परंपरागत हाडवैद्यांच्या घराण्यात जन्मलेले शल्यविशारद. मोडलेल्या हाडाला अखंड व दीर्घ विश्रांती द्यावी, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या नावाची मांडीच्या हाडासाठीची फळी पहिल्या महायुद्धात असंख्य सैनिकांच्या उपयोगी पडली. पॅरिसचे झ्यूस्त ल्यूका-शांपियोनिएर यांनी याच्या अगदी उलट मत मांडले. मर्दन व लवकर सुरू केलेली हालचाल यांनी अस्थिभंगावर उपचार करण्याविषयीचा त्यांचा ग्रंथ १८९५ साली प्रसिद्ध झाला. स्थिर ठेवलेले अवयव दुबळे व ताठ होतात, हे ते पुनःपुन्हा सांगत राहिले.

त्या काळी विजय बहुतांशी प्लास्टरचा झाला. डच सैन्यातील शल्यविशारद अँटोनियस मॅथाइझेन यांनी १८५१ साली कापडाच्या पट्ट्यांत प्लास्टरची पूड घासून ओल्या करताच कडक होणारी पट्टी तयार केली होती. ती स्वस्त होती, कोठेही नेता येत होती आणि हाडाला घट्ट धरीत होती. यांतील शेवटच्या गुणातच धोकाही होता. सूज वाढत असता पट्टी घट्ट राहिली तर रक्ताचा पुरवठा तुटतो, स्नायू मरतात आणि हात कायमचा आकसतो. जर्मनीतील रिखार्ट फोन फोल्कमन यांनी १८८१ साली या आपत्तीचे वर्णन केले आहे. हॅम्बुर्गच्या पाउल झूडेक यांनी १९०० साली आणखी एक विकार नोंदविला. त्यात हाड जुळूनही हात सुजलेला, तापलेला, घामट व असह्य दुखरा राहतो, आणि क्ष-किरणांच्या चित्रात बोटांची हाडे विरळ झालेली दिसतात. मनगटाच्या अस्थिभंगानंतर हा विकार काही रुग्णांना आजही जडतो. त्याची कारणे गुंतागुंतीची आहेत. तथापि हात लवकर ओळखीच्या कामाला लावणे हा त्यावरील उपचारांचा गाभा मानला जातो.

आजचे वैद्यक या दोन तटांच्या मधून वाट काढते. मोडलेले टोक स्थिर ठेवावयाचे आणि बाकीचे सर्व हलवावयाचे, अशी ही वाट आहे. प्लास्टर घातल्याच्या पहिल्याच दिवसापासून बोटे पूर्ण मिटणे व पूर्ण उघडणे, अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावणे, कोपर वाकविणे व हात खांद्यातून डोक्यावर नेणे या हालचाली दर जागृत तासाला थोड्याथोड्या कराव्यात असे सांगितले जाते. हात लोंबता ठेवू नये. हृदयाच्या पातळीच्या वर ठेविल्यास सूज उतरते. बोटांतील अंगठ्या पहिल्याच दिवशी काढणे किती आवश्यक आहे, हे सुजलेल्या बोटातील अंगठी करवतीने कापून घ्यावी लागलेल्या माणसास विचारावे. बोटे निळसर वा थंड पडली, बधिर झाली किंवा वेदना तासागणिक वाढत गेली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे. घट्ट बांधलेल्या बांबूच्या कामट्यांनी हात गमावल्याची उदाहरणे आपल्या देशात अजूनही घडतात, ही खेदाची गोष्ट आहे. कारण फार सैल बांधले तर सांधा स्थिर राहत नाही आणि फार घट्ट बांधले तर सूज, वेदना व पू यांचा धोका असतो, हे सुश्रुतसंहितेतच स्पष्ट सांगितलेले आहे.

मातीचा गोळा, सैंधव आणि दगड

त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानातील तिसरा अध्याय अस्थिभंगाच्या उपचारांचा आहे. पळस, वड, पिंपळ, उंबर, अर्जुन इत्यादींच्या साली आणि बांबू यांच्या फळ्या कराव्यात, ऋतुमानाप्रमाणे ठराविक दिवसांनी बंध बदलावेत, अशा सूचना त्यात आहेत. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय सूचना तळहाताच्या भग्नाविषयीची आहे. अशा रुग्णाने हाताने प्रथम मातीचा गोळा धरावा, मग सैंधवाचा खडा, आणि हातात बळ आल्यावर दगड धरावा, असा तो क्रम आहे. मऊ व हलक्यापासून कठीण व जड वस्तूकडे, आणि तेही बळ येईल त्या मानाने, अशी ही चढण होय.

हेच तत्त्व विसाव्या शतकात आकड्यांच्या रूपाने पुन्हा मांडले गेले. दुसऱ्या महायुद्धातून जखमी होऊन परतलेल्या सैनिकांच्या दुबळ्या अवयवांवर अमेरिकन सैन्यातील डॉक्टर टॉमस डेलॉर्म हे उपचार करीत होते. हलके वजन शेकडो वेळा उचलण्याची त्या काळची प्रथा त्यांनी सोडली. रुग्णाला जेमतेम दहा वेळा उचलता येईल एवढे वजन शोधून काढावयाचे, त्यावर व्यायाम द्यावयाचा आणि शक्ती वाढेल तसे वजन वाढवावयाचे, अशी पद्धत त्यांनी १९४५ साली प्रसिद्ध केली. आजच्या व्यायामशाळांतील वजनाच्या बहुतेक तक्त्यांचे मूळ या रुग्णालयीन पद्धतीत आहे, हे व्यायामपटूंस क्वचितच ठाऊक असते.

वजन वाढवीत नेण्याचा लाभ केवळ स्नायूंना होत नाही. हाडावर जसा भार पडेल तशी त्याची आतली घडण बदलते, हा नियम बर्लिनच्या यूलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडला. व्यावसायिक टेनिसपटूंच्या खेळत्या दंडाचे हाड दुसऱ्या दंडाच्या हाडाहून स्पष्टपणे जाड असते, असे १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत दिसून आले. उलट अंतराळात वजनहीन अवस्थेत राहणाऱ्या प्रवाशांच्या कमरेच्या व मांडीच्या हाडांतून दरमहा सुमारे एक ते दीड टक्का द्रव्य नाहीसे होते. सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिलेल्या मनगटाची स्थिती काही अंशी या प्रवाशांसारखीच असते. त्याला भार हवा असतो. मात्र तो त्याला पेलेल एवढाच हवा.

हालचाल आधी, जोर नंतर

प्लास्टर निघाल्यावर पहिले दोनतीन आठवडे हालचाल परत मिळविण्याचे असतात. कोमट पाण्यात हात दहा मिनिटे बुडवून मग मनगट पुढे, मागे व दोन्ही बाजूंस सावकाश नेले तर आखडलेले भाग सैल होतात. निरोगी मनगट मागे व पुढे प्रत्येकी सत्तर अंशांच्या आसपास वळते. परंतु रोजच्या बहुतेक कामांना दोन्हीकडे सुमारे चाळीस अंश पुरतात. म्हणून पहिले ध्येय चाळिसाचे ठेवावे.

मागे वळण्याला विशेष महत्त्व का, हे कोणत्याही विद्यार्थ्यास स्वतःच्या हातावर पाहता येईल. मनगट पूर्ण पुढे वाकवून मूठ घट्ट आवळण्याचा प्रयत्न करावा; मूठ ढिली राहते. मनगट किंचित मागे घेताच ती आपोआप घट्ट होते. बोटे मिटविणाऱ्या कंडरा मनगटावरून जातात, आणि मनगट सुमारे तीस ते पस्तीस अंश मागे असताना त्यांची लांबी पकडीस सर्वांत अनुकूल असते. ज्या मनगटाला मागे वळता येत नाही त्याची पकड स्नायू बळकट झाले तरी दुबळीच राहते.

या हालचालीचे माप घेण्यास यंत्र लागत नाही. नमस्कारासाठी दोन्ही तळहात छातीपुढे जोडावेत आणि तळहात न उघडता कोपरे हळूहळू वर न्यावीत. दुखापत झालेल्या बाजूचा तळहात आधी सुटू लागतो. तो कोणत्या उंचीवर सुटला हे आठवड्याआठवड्याला पाहिले की प्रगती कळते. हाताची पाठ एकमेकींस लावून कोपरे खाली नेली तर पुढच्या वाकण्याचे माप मिळते. तिसरी हालचाल तळहात उताणा करण्याची. ती पुष्कळदा सर्वांत उशिरा येते आणि तिची उणीव सर्वांत अधिक बोचते. दुकानदाराने परत दिलेली मोड हातात घेणे, तीर्थ घेणे, ओंजळीत पाणी धरणे यांपैकी काहीच तिच्यावाचून साधत नाही. कोपर बरगडीला टेकवून हा सराव करावा. नाही तर खांदा लबाडी करतो आणि हात वळल्याचा भास होतो.

जोराचे व्यायाम डॉक्टरांनी हाड भार घेण्याइतके जुळले आहे असे सांगितल्यावर सुरू करावयाचे. साध्या अस्थिभंगात ही वेळ बहुधा आठव्या ते दहाव्या आठवड्याच्या सुमारास येते. पट्टी बसविलेल्या रुग्णांत काहीशी आधी येऊ शकते. प्रथम ओल्या कणकेचा गोळा किंवा मऊ चेंडू दाबणे पुरे. मग पुढचा हात टेबलावर टेकवून मनगट कडेबाहेर ठेवावे आणि हातात पाण्याची बाटली धरावी. लिटरभर पाण्याचे वजन एक किलो असते, त्यामुळे पाव बाटलीपासून अर्ध्या बाटलीपर्यंत आणि पुढे पूर्ण बाटलीपर्यंत वजन हवे तितके बारकाईने वाढविता येते. तळहात खाली ठेवून उचलले तर मागे वळविणारे स्नायू काम करतात. वर ठेवून उचलले तर पुढे वाकविणारे. उताणे-पालथे करण्याच्या स्नायूंसाठी हातोडी उत्तम. तिचा दांडा डोक्याजवळ धरून फिरविली तर सोपे जाते आणि टोकाकडे धरीत गेले तसे अवघड होत जाते. वजन न बदलता केवळ अंतर बदलून भार वाढविण्याचे हे तरफेचे उदाहरण शाळेच्या विज्ञानाच्या तासालाही दाखविण्यासारखे आहे.

मात्रा ओळखण्याची खूण सोपी आहे. व्यायाम करताना ताण जाणवणे आणि नंतर तासाभरात शमणारी ठणक ही चालण्यासारखी असते. दुसऱ्या दिवशी सकाळी हात सुजलेला किंवा आदल्या दिवसाहून ताठ आढळला तर मात्रा जास्त झाली असे समजून एक पायरी खाली यावे. दुसऱ्याने जोराने मनगट ताणून देणे मात्र टाळावे. हौशी मालिशवाल्याच्या हातून पुष्कळ बरे होत आलेले हात बिघडले आहेत.

येथे एका विलक्षण गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. येल विद्यापीठातील एडवर्ड स्क्रिप्चर यांच्या प्रयोगशाळेत १८९४ साली असे दिसून आले की, एका हाताला व्यायाम दिला असता व्यायाम न दिलेल्या दुसऱ्या हाताचा जोरही काहीसा वाढतो. याचे मूळ स्नायूंत नसून मज्जासंस्थेत आहे. कॅनडातील संशोधकांनी २०१३ साली मनगट मोडलेल्या पन्नाशीपुढील स्त्रियांवर हा प्रयोग केला. मोडलेला हात प्लास्टरमध्ये असताना त्यांनी धडधाकट हाताने जोराचा व्यायाम केला, आणि बाराव्या आठवड्यास त्यांच्या दुखापत झालेल्या हाताची पकड इतर रुग्णांपेक्षा अधिक आढळली. पुढे काही महिन्यांनी हा फरक उरला नाही. तरी प्लास्टरच्या कंटाळवाण्या दिवसांत करण्याजोगे काही तरी आहे, एवढे यावरून म्हणता येते.

दंड कधी काढावेत?

तालमीत किंवा मैदानावर जाणाऱ्या तरुणाचा प्रश्न हाच असतो. जोर-दंडाच्या वरच्या स्थितीत देहाच्या वजनाचा सुमारे दोनतृतीयांश भाग हातांवर असतो, आणि मनगट जवळजवळ काटकोनात मागे वळलेले असते. म्हणजे साठ किलो वजनाच्या मनुष्याच्या प्रत्येक मनगटावर सुमारे वीस किलो भार येतो, आणि तोही सर्वांत अवघड कोनात. सूर्यनमस्कारातील चौथी-पाचवी स्थिती, मल्लखांबावरील पकडी आणि कुस्तीतील रेटा यांची मागणी याहूनही कठीण. हा भार एकदम द्यावयाचा नसतो. प्रथम भिंतीसमोर उभे राहून तळहात भिंतीला टेकवावेत व कोपरे वाकवून पुढे झुकावे. हे सहज जमू लागले की टेबलाची कड, मग बाकडे, मग गुडघे टेकवून जमीन, आणि शेवटी पूर्ण दंड. ज्याचा जोर आला आहे पण मनगट अद्याप काटकोनात वळत नाही, त्याने मूठ मिटवून किंवा लाकडी हत्थ्यांवर दंड काढावेत; त्यायोगे मनगट सरळ राहते. धडपडीच्या खेळांस परतण्यापूर्वी दोन कसोट्या लावण्याची पद्धत आहे. दाबले असता मोडलेल्या जागी दुखू नये, आणि पकड दुसऱ्या हाताच्या जवळपास आलेली असावी. पकड मोजण्याचे यंत्र पॅरिसच्या रेन्ये यांनी १७९८ साली बनविले होते. आज ते बहुतेक भौतिक उपचार केंद्रांत असते. उजवा हात मुळातच डाव्याहून सुमारे दहा टक्के बळकट असतो, ही गोष्ट मात्र आकडे ताडून पाहताना विसरू नये. पायांचे व्यायाम, चालणे व बैठका यांना प्लास्टरची आडकाठी नाही. ते थांबविणे म्हणजे एका अवयवाच्या दुखण्यापायी सर्व देहाला शिक्षा करणे होय.

तीन गोष्टींनी हा क्रम मोडतो, आणि त्या वेळीच ओळखावयास हव्यात. अंगठा, तर्जनी व मधले बोट यांत मुंग्या येऊन रात्री झोपमोड होत असेल तर मनगटातील मज्जातंतूवर दाब आलेला असतो. काही आठवड्यांनी अचानक अंगठा उचलता येईनासा झाला तर त्याची कंडरा हाडावर घासून तुटलेली असण्याचा संभव असतो. चमत्कारिक असे की, हे हाड न सरकलेल्या साध्या अस्थिभंगातच अधिक घडते. तिसरी गोष्ट रेडियसची नव्हेच. अंगठा ताणला असता त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो, तेथे दाबल्यावर दुखत असेल तर स्कॅफॉइड नावाचे लहान मणिबंधास्थी मोडलेले असू शकते. पहिल्या क्ष-किरण चित्रात ते पुष्कळदा दिसत नाही. त्याला रक्त मिळते ते बोटांकडील टोकातून. म्हणून मधोमध भंग झाला की दुसरे टोक उपाशी पडते. ‘मुरगळले आहे’ म्हणून दुर्लक्षिलेला असा तरुण खेळाडूचा हात काही वर्षांनी संधिवाताने जखडलेला आढळतो.

पन्नाशीनंतरच्या स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक हिशेब असतो. उभ्या उंचीवरून साधे पडून मनगट मोडले तर ते हाडे विरळ झाल्याचे पहिले लक्षण असू शकते. एकदा असा भंग झालेल्या व्यक्तीला पुढे कंबरेचा किंवा मणक्याचा भंग होण्याचा संभव जवळजवळ दुप्पट असतो. तेव्हा हाडांची घनता तपासून घेणे, आहारात चुना व ड जीवनसत्त्व यांची उणीव राहू न देणे, आणि मनगटाबरोबरच तोल सांभाळण्याचा सराव करणे हे त्यांच्या उपचारातच मोडते. ओट्याला हात टेकवून एका पायावर उभे राहणे हा त्या सरावाचा आरंभ होय. न्हाणीघरातील ओली फरशी तीच असते. तिच्यावर एक खरखरीत पाट किंवा चटई टाकण्यास व भिंतीला एक दांडी बसविण्यास अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागत नाही.